पेपर एपीएत बसवायचा म्हणजे नक्की काय काय करायचं

आपल्या कोल्हापूरकडची पोरंपोरी फील्डवर्क मनापासून करतात, हे मी आधीच सांगून टाकते. शिरोळ तालुक्यात पूर येऊन गेल्यावर घरोघरी फिरून माहिती गोळा करणारी, चप्पल बनवणाऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून तासन्‌तास बोलणारी, हुपरीच्या चांदीकामातल्या मजुरीचा हिशोब बायकांच्याच तोंडून लिहून घेणारी पोरं मी बघितलीयत, आणि हे काम बाहेरचं कुणी येऊन करून देणार नाही. पण तेच काम पेपर म्हणून जर्नलकडं गेलं की आतलं काही वाचायच्या आधीच 'एपीए सेव्हन्थ एडिशनप्रमाणे करून परत पाठवा' असा मेल येतो, मग रात्रभर कुठलीतरी पीडीएफ समोर ठेवून कॉमा आणि फुलस्टॉप हलवत बसायचं, आणि तरी गाईड म्हणतात अजून बरोबर नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे एकदा नीट समजून घेतलं तर अवघड नाहीये, फक्त पाठ करायच्या नादाला लागू नका, नियम कशासाठी आहे ते धरून चला.

एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, आणि पेपर कसा मांडायचा, संदर्भ कसे द्यायचे याची तिनं ठरवलेली पद्धत म्हणजे एपीए स्टाईल. १९२८ मध्ये काही मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि बिझनेस मॅनेजर एकत्र बसले, लेख कसा लिहून पाठवावा याचे साधे नियम ठरवले, आणि १९२९ मध्ये ते सायकॉलॉजिकल बुलेटिन नावाच्या जर्नलमध्ये छापले, तेव्हा ते सगळे मिळून सात पानं होते. १९५२ ला त्याचं मॅन्युअल झालं, वाढत वाढत आता चारशेहून जास्त पानांचं पुस्तक झालंय. सध्या चालू असलेली सातवी आवृत्ती २०१९ च्या ऑक्टोबरात आली, तिच्यावर साल २०२० छापलंय. सुरुवात मानसशास्त्रापासून झाली असली तरी आज शिक्षणशास्त्र, सोशल वर्क, नर्सिंग, मॅनेजमेंट, समाजशास्त्राचे बरेच पेपर यातच लिहितात. पण सगळे नाही हं, अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेची एएसए नावाची वेगळी स्टाईल आहे, इतिहासवाले बहुतेक शिकागो धरतात, भाषा-साहित्यवाले एमएलए. त्यामुळं पहिलं काम म्हणजे ज्या जर्नलला पाठवायचाय त्याच्या साईटवर लेखकांसाठीच्या सूचना असतात त्या उघडून वाचणं, कारण एपीएच्या पुस्तकात काय लिहिलंय त्यापेक्षा तुमच्या जर्नलचं म्हणणं वरचढ असतं. आणि सिनियरकडून मिळालेला जुना नमुना वापरू नका, सहावी आवृत्ती २००९ ची, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी सातवीत बदलल्यात.

आता मुख्य गोष्ट. एपीएचा सगळा डोलारा चार प्रश्नांवर उभा आहे, कोण म्हणालं, कधी म्हणालं, कशात म्हणालं आणि ते मला कुठं सापडेल. लेखक, वर्ष, शीर्षक, स्रोत. बाकी सगळे कॉमे आणि तिरकी अक्षरं या चार गोष्टी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आहेत. आणि हे दोन ठिकाणी लिहायचं असतं, मजकुरात वाक्याच्या जवळ फक्त आडनाव आणि वर्ष, आणि शेवटी रेफरन्स लिस्टमध्ये चारही गोष्टी पूर्ण. बोलताना आपण 'राजारामपुरीतले देसाई' एवढंच म्हणतो आणि पत्र टाकायची वेळ आली की गल्ली, घर नंबर, पिनकोड सगळा लिहितो, तसं. मजकुरातलं नाव लिस्टमध्ये सापडलंच पाहिजे आणि लिस्टमधलं प्रत्येक नाव मजकुरात कुठंतरी आलेलंच पाहिजे. हा एक नियम पाळला तरी निम्मा पेपर सुधारतो असं मला वाटतं, कारण परत आलेल्या पेपरात सगळ्यात जास्त घोळ इथंच असतो, लिस्टमध्ये वाचलेली न वाचलेली चाळीस पुस्तकं घातलेली असतात आणि मजकुरात त्यातली दहासुद्धा नसतात. वाचलेलं सगळं द्यायचं असेल तर ती बिब्लिओग्राफी झाली, एपीएत रेफरन्स लिस्ट असते, म्हणजे फक्त वापरलेलं.

मजकुरात लिहायच्या दोन पद्धती. एक, नाव वाक्यातच घ्यायचं, 'देसाई (२०१८) यांच्या मते' असं, आणि दुसरी, वाक्य संपताना कंसात (देसाई, २०१८) असं. दोन लेखक असतील तर दोघांचीही नावं दरवेळी, कंसात असताना मध्ये अँडचं चिन्ह (&) आणि वाक्यात असताना अँड हा शब्द. तीन किंवा त्याहून जास्त असतील तर पहिल्या वेळेपासूनच पहिलं नाव आणि पुढं एट अल., म्हणजे 'आणि इतर'. सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असले तर पहिल्यांदा सगळ्यांची नावं लिहावी लागायची, ती कटकट आता गेली. नमुने मी इथं देवनागरीत देतीये, इंग्रजी पेपरात ते अर्थातच रोमन लिपीत जाणार, आणि देसाई, पाटील ही नुसती समजवायला घेतलेली आडनावं आहेत.

पाटील म्हटलं की आपल्या भागातला खास प्रश्न येतो. सहकारी साखर कारखान्यांवर नाहीतर गुळाच्या बाजारावर पेपर लिहायला घ्या, रेफरन्समध्ये पाच पाटील, तीन जाधव आणि दोन शिंदे येणारच. एपीएनं याची सोय करून ठेवलीय. पहिल्या लेखकाचं आडनाव सारखं आणि आद्याक्षरं वेगळी असतील तर मजकुरात प्रत्येक वेळी आद्याक्षरं लावायची, (ए. पाटील, २०१५) आणि (एस. पाटील, २०१८), वर्ष वेगळं असलं तरी लावायची. एकाच पाटलांचे एकाच वर्षातले दोन लेख असतील तर वर्षाला ए, बी अक्षरं जोडायची, ती लिस्टमध्येही तशीच. लिस्टमध्ये क्रम आडनावाच्या अक्षराप्रमाणं, आडनाव सारखं असेल तर आद्याक्षरांप्रमाणं, आणि एकाच माणसाची कामं असतील तर जुनं आधी, नवं नंतर.

नावाचाच आणखी एक घोळ आहे आणि तो सॉफ्टवेअरमुळं होतो. आपल्याकडं मार्कशीटवर, थिसिसच्या कव्हरवर नाव आडनावापासून सुरू होतं, आडनाव मग स्वतःचं नाव मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. गुगल स्कॉलरला किंवा त्या आयत्या सायटेशन बनवणाऱ्या साईटला हे कळत नाही, तिला वाटतं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, मग बाईंच्या नवऱ्याच्या, समजा रमेश, या नावानं रेफरन्स तयार होतो आणि पाटील बाई आर अक्षराखाली जाऊन बसतात. ज्यांनी दहा वर्षं घालून काम केलं त्यांचं नावच चुकवायचं ही मला साधी चूक वाटत नाही, त्यामुळं आपल्या लोकांची नावं मशीनवर न सोडता हातानं तपासा. डॉ., प्रा., कै., श्रीमती हे काही लेखकाच्या नावापुढं येत नाही, कितीही आदर असला तरी. बाबासाहेबांचं नाव रेफरन्समध्ये आंबेडकर, बी. आर. असंच येतं.

जर्नलमधल्या लेखाचा साचा असा असतो:

आडनाव, आद्याक्षरं. (वर्ष). लेखाचं शीर्षक. जर्नलचं नाव, खंड(अंक), पानं. डीओआय

यात जर्नलचं नाव आणि खंडाचा आकडा तिरका, अंक कंसात पण सरळ, खंड आणि अंकाच्या कंसामध्ये स्पेस नाही. लेखाच्या शीर्षकात फक्त पहिल्या शब्दाचं, कोलननंतरच्या पहिल्या शब्दाचं आणि विशेषनामांचं पहिलं अक्षर कॅपिटल, पण जर्नलच्या नावात सगळ्या मुख्य शब्दांचं कॅपिटल. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा नंबर, साईट बदलली तरी तो बदलत नाही, म्हणून असेल तर द्यायचाच आणि पूर्ण लिंकच्या स्वरूपात द्यायचा, आधी 'डीओआय' असा शब्द लिहायची गरज राहिली नाही. पुस्तक असेल तर पुस्तकाचं नाव तिरकं, पुढं प्रकाशक, आणि सातव्या आवृत्तीपासून प्रकाशनाचं गाव लिहायचं नाही. तुमच्या लिस्टमध्ये 'न्यू दिल्ली: सेज' असं दिसलं की तपासणारा लगेच ओळखतो की जुना नमुना वापरलाय. लेखक वीसपर्यंत असतील तर सगळे लिहायचे, एकवीस किंवा जास्त असले तर पहिले एकोणीस, मग तीन टिंबं, मग शेवटचा.

जुन्या पुस्तकांचं काय करायचं हे पोरं नेहमी विचारतात. समजा तुम्ही बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' वापरलंत. ते मूळ १९३६ चं, पण तुमच्या हातात असतो तो महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं १९७९ मध्ये काढलेल्या रायटिंग्ज अँड स्पीचेसचा पहिला खंड, वसंत मून यांनी संपादित केलेला. मग मजकुरात दोन्ही वर्षं तिरप्या रेघेनं द्यायची, (आंबेडकर, १९३६/१९७९), आणि लिस्टमध्ये १९७९ चा खंड पूर्ण देऊन शेवटी कंसात मूळ प्रकाशन १९३६ असं लिहायचं. नुसतं १९७९ लिहिलं तर ज्याला माहिती नाही त्याला वाटेल हा विचार सत्तरच्या दशकातला आहे, आणि नुसतं १९३६ लिहिलं तर तुम्ही दिलेला पान नंबर त्याला कुठंच सापडणार नाही. म्हणून दोन्ही.

मराठी पुस्तक इंग्रजी पेपरात घ्यायचं असेल तर शीर्षक आधी रोमन लिपीत उच्चाराप्रमाणं लिहायचं, तिरक्या अक्षरात, आणि पुढं चौकोनी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर, सरळ अक्षरात. देवनागरी तशीच ठेवायची नाही, कारण परदेशातल्या वाचकाला ती लायब्ररीत शोधता येत नाही. आणि मराठी स्रोत लपवू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजी पेपर आहे म्हणून करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचलेली मराठी पुस्तकं लिस्टमधून गाळायची आणि त्याच विषयावरचं कुणीतरी बाहेरून लिहिलेलं इंग्रजी पुस्तक घालायचं, असं करणारी पोरं आहेत, आणि त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं की मराठी चालतं. चालतं. फक्त वाट दाखवायची. पेपर मराठीतच असेल तर लिस्ट देवनागरीत आणि अकारविल्हे लावा, इंग्रजी स्रोतांचा गट वेगळा करायचा का ते गाईडना विचारून ठरवा, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तसंच.

शासन निर्णय असेल तर लेखकाच्या जागी तो विभाग येतो, महसूल व वन विभाग, समाजकल्याण विभाग जो असेल तो, आणि महाराष्ट्र शासन प्रकाशकाच्या जागी, सोबत पूर्ण तारीख आणि जीआरचा क्रमांक. जनगणनेचे आकडे घेतले तरी तेच, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ३८,७६,००१ असं लिहिलं तर ते जनगणना आयुक्तांच्या कार्यालयाच्या नावावर जायला पाहिजे, ज्या ब्लॉगवर तो आकडा दिसला त्याच्या नावावर नाही. वर्तमानपत्रातली बातमी असेल तर पूर्ण तारीख, बातमीचं शीर्षक, वर्तमानपत्राचं नाव तिरकं, आणि बातमीदाराचं नाव नसेल तर शीर्षकच लेखकाच्या जागी पुढं येतं. शाहू महाराजांच्या काळातले हुकूम, करवीर गॅझेट असलं काही पुरालेखागारातून घेतलं असेल तर कागदाचं नाव, तारीख, तो कुठल्या दप्तरात आहे आणि दप्तर कुठल्या गावात कुठल्या संस्थेत आहे हे सगळं लिहायचं. इथं मात्र गाव लिहायचं, कारण त्या कागदाची जगात एकच प्रत असू शकते. २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या हुकमाबद्दल तुम्ही दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचलं असेल आणि मूळ बघितला नसेल, तर तसंच लिहा, म्हणजे अमुक पुस्तकात उद्धृत असं, आणि लिस्टमध्ये फक्त तेच पुस्तक घाला जे तुम्ही खरंच वाचलंय. मूळ बघितल्याचा आव आणू नका, पण जमत असेल तर मूळ शोधायचा प्रयत्न जरूर करा, कोल्हापुरात राहून ते तुम्हाला जितकं शक्य आहे तितकं दिल्लीत बसलेल्याला नाही.

आता मुलाखती, आणि यात बरेच जण फसतात. मुलाखत दोन प्रकारची. तुम्ही एखाद्या जाणकाराला फोन केला, मेल केला, त्यानं माहिती सांगितली, ते पर्सनल कम्युनिकेशन, ते फक्त मजकुरात नाव आणि पूर्ण तारखेसकट येतं, लिस्टमध्ये येत नाही, कारण वाचक तो फोन परत ऐकू शकत नाही. पण ज्यांच्यावर तुमचा अभ्यासच आहे, म्हणजे तुमचे सहभागी, त्या ऊसतोड करणाऱ्या मावशी किंवा यंत्रमागावरचे काका, त्यांचं बोलणं हा तुमचा डेटा आहे, त्याला सायटेशन लागतच नाही. त्यांचं वाक्य अवतरणात द्या, टोपणनाव किंवा सहभागी क्रमांक द्या, आणि पद्धतीच्या भागात लिहा की मुलाखती कधी, कुठं, कुठल्या भाषेत झाल्या, भाषांतर कुणी केलं. खरं नावही देऊ नका आणि गावही देऊ नका, छोट्या गावात वय, जात आणि व्यवसाय एवढं सांगितलं तरी माणूस ओळखू येतो. मावशींनी विश्वासानं सावकाराचं नाव सांगितलं आणि पेपरातून ते गावात पोचलं तर त्रास त्यांना होणार.

भाषांतराचा आणखी एक नियम आहे जो फार कमी लोकांना माहिती असतो. मराठी पुस्तकातला उतारा तुम्ही स्वतः इंग्रजीत केला तर एपीएच्या हिशोबानं तो पॅराफ्रेज, म्हणजे आपल्या शब्दात सांगितलेला मजकूर, धरला जातो, त्याला अवतरणचिन्हं लावायची नाहीत, नाव आणि वर्ष मात्र द्यायचं. छापलेल्या भाषांतरातून जशास तसं घेतलं तरच अवतरण.

जशास तसं वाक्य घेतलं की पान नंबर हवाच, आणि पान नसलेली वेबसाईट असेल तर कितवा परिच्छेद ते. चाळीस किंवा जास्त शब्द असले तर तो उतारा वेगळ्या परिच्छेदात, अर्धा इंच आत सरकवून, अवतरणचिन्हाशिवाय द्यायचा. पण उतारेच्या उतारे चिकटवू नका. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे प्लेजरिझमचे, म्हणजे वाङ्मयचौर्याचे, नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या सारखेपणाला शिक्षा नाही, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे चढते स्तर आहेत, आणि योग्य श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, रेफरन्स, अनुक्रमणिका वगैरे त्या मोजणीतून वगळलेलं असतं. त्यामुळं पोरं टक्के खाली आणायला शब्द फिरवत बसतात, प्रतिशब्द घालतात, वाक्य उलटंपालटं करतात, आणि श्रेय मात्र देतच नाहीत. टक्का खाली आला तरी ती चोरीच राहते. ज्याचं आहे त्याचं नाव लिहा आणि पुस्तक मिटवून तुमच्या शब्दात सांगा.

पानाची मांडणी पटकन सांगते, हे वीस मिनिटांचं काम आहे. सगळ्या बाजूंनी एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर समास. फॉन्ट टाइम्स न्यू रोमन १२ किंवा कॅलिब्री ११ किंवा एरियल ११ किंवा जॉर्जिया ११, कुठलाही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच. ओळींमध्ये डबल स्पेस, शीर्षकपानापासून रेफरन्सपर्यंत सगळीकडं, आणि परिच्छेदांमध्ये वेगळी मोकळी जागा नाही, वर्ड स्वतःहून परिच्छेदानंतर जागा सोडतं ती शून्य करून टाका. परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत, ती टॅब किंवा सेटिंगनं करा, स्पेसबार दाबत बसू नका, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सगळं विस्कटतं. मजकूर डावीकडून सरळ, उजवी कड वरखाली राहू द्यायची. डीटीपीवाले दादा सवयीनं दोन्ही कडा सरळ करून देतात कारण ते छान दिसतं, त्यांना आधीच सांगून ठेवा. पान नंबर वर उजवीकडं, पहिल्या पानापासून. रेफरन्स लिस्ट नव्या पानावर, आणि तिथं इंडेंट उलटा, पहिली ओळ बाहेर आणि बाकीच्या अर्धा इंच आत, वर्डमध्ये सगळी लिस्ट सिलेक्ट करून कंट्रोल आणि टी दाबलं की होतं. मराठी मजकूर असेल तर युनिकोडमध्येच टाईप करून घ्या, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर मेलनं पाठवला की समोरच्याकडं नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात.

शीर्षकपान विद्यार्थ्यांचं आणि जर्नलला पाठवणाऱ्यांचं वेगळं. विद्यार्थ्याच्या पानावर शीर्षक ठळक, मग नाव, डिपार्टमेंट आणि विद्यापीठ, कोर्सचा नंबर आणि नाव, शिक्षकांचं नाव, जमा करायची तारीख. जर्नलला पाठवताना कोर्स वगैरे काढून ऑथर नोट, म्हणजे लेखकाची माहिती देणारी टीप, येते आणि वर डावीकडं रनिंग हेड, म्हणजे शीर्षकाचं ५० अक्षरांच्या आतलं छोटं रूप, सगळं कॅपिटलमध्ये. त्याच्या आधी 'रनिंग हेड' असे शब्द लिहायची पद्धत सहाव्या आवृत्तीबरोबर गेली. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सारांश वेगळ्या पानावर, एकच परिच्छेद, २५० शब्दांपर्यंत, पहिली ओळ आत न घेता. आणि मजकूर सुरू होतो तिथं 'इंट्रोडक्शन' असं हेडिंग द्यायचं नाही, पेपरचं शीर्षकच पुन्हा ठळक आणि मधोमध येतं, पहिला भाग प्रस्तावनाच असतो हे वाचणाऱ्याला माहितीच असतं.

हेडिंगच्या पाच पातळ्या आहेत पण साध्या पेपरला तीन पुरतात, पहिली मधोमध ठळक, दुसरी डावीकडं ठळक, तिसरी डावीकडं ठळक आणि तिरकी. नंबर द्यायचे नाहीत. वर्डमधली हेडिंग स्टाईल एकदा सेट करून वापरली तर सगळं एकसारखं राहतं.

तक्त्यांकडं मात्र लक्ष द्या, कारण सर्व्हे केलेल्यांचे पेपर तिथंच अडकतात. तक्ता क्रमांक वर ठळक अक्षरात, त्याच्या खालच्या ओळीत नाव तिरक्या अक्षरात, मग तक्ता, खाली टीप. उभ्या रेघा अजिबात नाहीत, आडव्याही गरजेपुरत्याच. आकृत्यांनाही सातव्या आवृत्तीत हेच लागू, क्रमांक आणि नाव वरच. आणि एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला तक्ता तसाच चिकटवायचा नाही, त्यातलं निम्मं वाचकाला नको असतं. शून्य ते नऊ साधारणपणे शब्दात लिहायचे, १० पासून पुढं अंकात, पण वय, तारीख, टक्के आणि मोजमाप असेल तर लहान आकडाही अंकातच, आणि वाक्याची सुरुवात अंकानं करायची नाही. पी व्हॅल्यू (संख्याशास्त्रीय चाचणीतून येणारा शक्यतेचा आकडा) किंवा कोरिलेशन (दोन गोष्टींमधल्या संबंधाचा आकडा) एकच्या वर जाऊच शकत नाही म्हणून तिथं दशांशचिन्हाआधी शून्य लावत नाहीत, .०३ असं. एसपीएसएस .००० दाखवतं ते तसंच उतरवू नका, शक्यता शून्य नसते, ते '.००१ पेक्षा कमी' असं लिहितात. एकूण नमुन्यासाठी मोठा एन, त्यातल्या गटासाठी छोटा एन, दोन्ही तिरके.

भाषेबद्दलही एपीए बरंच सांगते आणि तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'द रिसर्चर' असं स्वतःला म्हणायची आपल्याकडं सवय लावलेली आहे, एपीए म्हणते सरळ 'मी' किंवा 'आम्ही' लिहा, म्हणजे कुणी काय केलं ते स्पष्ट कळतं. ज्यांचा अभ्यास केला त्यांना 'सहभागी' म्हणा, आणि लोक स्वतःला ज्या नावानं ओळखतात ते नाव वापरा. आपण जातीवर, अपंगत्वावर, बाईच्या कामावर लिहितो तेव्हा हे फार जपायला लागतं. 'गरीब लोक' म्हणून मोकळं होण्यापेक्षा उत्पन्न किती, जमीन किती, रेशनकार्ड कुठलं ते लिहिलं की माणसांना शिक्काही बसत नाही आणि पेपरही नेमका होतो.

साधनांमध्ये झोटेरो हे स्रोत साठवून रेफरन्स बनवून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे, वाचायला सुरुवात करतानाच त्यात स्रोत टाकत जा, शेवटच्या आठवड्यात नको. तरी त्यातून आलेली प्रत्येक नोंद एकदा डोळ्याखालून घाला, नावं उलटी, शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये असं हमखास येतं. एआयकडून रेफरन्स मागवले तर तो कुणी कधीच न लिहिलेले लेख खऱ्या माणसांच्या नावावर घालून देऊ शकतो, दिसायला अगदी अस्सल, डीओआयसकट. म्हणून प्रत्येक डीओआयवर क्लिक करून तो लेख खरंच उघडतोय का ते बघायचं, उघडला नाही आणि लायब्ररीतही सापडला नाही तर तो लिस्टमधून काढायचा.

शेवटची तपासणी कागदावर करा. रेफरन्स लिस्टची प्रिंट काढा, पेपर पहिल्यापासून वाचत चला, मजकुरात नाव आलं की लिस्टमध्ये त्यावर पेन्सिलनं खूण करा आणि वर्ष जुळतंय का बघा. लिस्टमध्ये बिनखुणेचं राहिलं ते काढा, मजकुरात आलं पण लिस्टमध्ये नाही ते घाला. मैत्रिणीला शेजारी बसवून एकीनं वाचायचं आणि एकीनं खुणा करायच्या असं केलं तर तासाभरात होतं. आणि थिसिस असेल तर त्याला विद्यापीठाचे वेगळे नियम लागतात, बाइंडिंगसाठी डावीकडं जास्त समास, प्रमाणपत्रं, स्पेसिंग, तिथं एपीएशी जुळलं नाही तर विद्यापीठाचं ऐकायचं, आणि त्याच थिसिसमधून पेपर काढताना फाईलची वेगळी कॉपी करून ती एपीएत बसवायची, एकाच फाईलमध्ये दोन्ही करायला जाऊ नका.